औद्योगिक संबंध व बाह्य परिस्थिती : मुंबईच्या कापडगिरण्या

मालक, कामगार व त्यांच्या संघटना यांच्यात वेतन, कामाचे तास, नोकरीची शाश्वती, शिस्त इ. बाबींवरून जे संबंध निर्माण होतात, त्यांस औद्योगिक संबंध म्हणतात. हे संबंध कारखान्याच्या आवारात घडतात व बिघडतात, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात कच्च्या व पक्क्या मालाचे बाजार, चलनाचा विनिमय दर, कर व जकाती, कायदे, युद्धे, रोगराई, जमिनीच्या किमती आणि कामगारांची गावाकडील शेती या बाह्य घटकांचा त्यांवर खोल परिणाम होतो. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास हे याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण होय. या धंद्यात मालक व कामगार यांच्यात सव्वाशे वर्षे जी झुंज चालली, तिचे मूळ व तिचा शेवट यांपैकी बरेच काही गिरणीच्या फाटकाबाहेर ठरलेले होते. बाहेरचा भार आत कोणी सोसावयाचा, एवढाच प्रश्न बहुधा आत उरत असे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिली व १८५६ मध्ये ताडदेव येथे ती सुरू झाली. या धंद्याची वाढ सरळ रेषेत झाली नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१—६५) लँकाशरला मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला आणि भारतीय कापसाचे भाव अतोनात चढले. कापसाच्या व्यापारात एवढा नफा असताना गिरणी काढण्यात कोणास स्वारस्य उरले नाही. युद्ध संपताच १८६५ मध्ये भाव कोसळले, अनेक पेढ्या बुडाल्या व त्यानंतरच्या दशकात भांडवल गिरण्यांकडे वळले. मुंबईचे गिरणीमालक मुळात व्यापारी होते. कापसाचा व सुताचा भाव पाहून गिरणी चालविण्याची त्यांची सवय या काळातील असून कामगारांच्या भरतीची पद्धतही तिला साजेशीच होती. जॉबर रोज सकाळी फाटकावर माणसे घेई. मागणी असेल तेव्हा अधिक, नसेल तेव्हा कमी. नेहमीचा कामगार न आल्यास त्याच्या जागी बदली कामगार लागे. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नाईकीण करी. पगार महिना उलटून गेल्यावर बऱ्याच दिवसांनी मिळत असल्यामुळे कामगार दुकानदाराच्या व खानावळीच्या उधारीवर जगत असे.

पहिल्या कारखाना कायद्याची कथाही फाटकाबाहेरचीच आहे. मुंबईच्या सुताची व कापडाची स्पर्धा जाणवू लागल्यावर भारतातील गिरण्यांत मुलांकडून व स्त्रियांकडून अमर्याद तास काम करून घेतले जाते, अशी ओरड लँकाशरमधून होऊ लागली. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली यांनी शुद्ध भूतदयेने हाच प्रश्न लावून धरला होता. परंतु कायदा होण्यास इंग्लंडमधील हितसंबंधांचा रेटा कारणीभूत झाला, हे नाकारता येत नाही. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई झाली व सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले गेले. प्रौढ कामगारांना त्याने काहीच दिले नाही. तथापि सरकार या विषयात लक्ष घालते, हे कामगारांना समजले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सभा भरवून सु. ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार व अपघाताची भरपाई या त्यातील मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने (स्थापना १८७५) रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी बंधनकारक झाली. परक्या कारखानदारांच्या मत्सरातून निघालेला कायदा येथील कामगारांच्या हाती एक साधन ठरला. त्याच्या हेतूची चिकित्सा करीत बसण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

प्लेगची साथ : बाह्य परिस्थिती बदलताच मालक—कामगारांचे पारडे कसे फिरते, हे १८९६—९७ च्या प्लेगने जेवढ्या स्पष्टपणे दाखविले तेवढे दुसऱ्या कोणत्याही घटनेने दाखविले नाही. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवी भागात साथ सुरू झाली आणि काही महिन्यांतच शहरातील लोकसंख्येचा मोठा भाग कोकणात व देशावर निघून गेला. गिरण्यांची खाती ओस पडली. एरवी दीड—दीड महिना पगार अडकवून ठेवणारे मालक रोजचा रोज रोख मजुरी देऊ लागले, इतकेच नव्हे, तर एका गिरणीची माणसे दुसरी गिरणी रस्त्यात गाठून जादा मजुरीने फोडू लागली. हे थांबविण्यासाठी मालकांनी आपापसांत करार करण्याचे प्रयत्न केले, पण ज्याला सुताची मागणी पुरी करावयाची होती तो करार पाळीना. कामगारांची एकही मान्यताप्राप्त संघटना त्या वेळी नव्हती. संप न करता, केवळ त्यांची संख्या घटल्यामुळे, पगार थकविण्याची पद्धत मोडली. साथीचा जोर ओसरून माणसे परतली, तशी रोजच्या पगाराची पद्धतही मागे पडली. स्वतः लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये याच साथीस बळी पडले.

याच सुमारास सुताच्या बाजारातही बदल घडत होता. मुंबईचे सूत मोठ्या प्रमाणात चीनला जात असे. १८९३ मध्ये भारत सरकारने टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीस बंद केल्या. त्यामुळे रुपयाचे मूल्य चांदीच्या तुलनेने वाढले व चांदीचे चलन वापरणाऱ्या चीनमध्ये मुंबईचे सूत महाग पडू लागले. जपानी गिरण्यांनी ही जागा घेतली. मुंबईच्या गिरण्या हळूहळू सुताऐवजी कापड विणण्याकडे वळल्या. त्याबरोबर साचेवाल्यांची म्हणजे विणकरांची संख्या व महत्त्व वाढले. साचेवाला उक्त्या दरावर काम करी, त्याला सहजी बदलता येत नसे आणि दराचा हिशेब तो स्वतः ठेवी. पुढील बहुतेक संपांत साचेखाते आघाडीवर राहिले. हे खाते वाढण्याच्या अनेक कारणांपैकी टांकसाळीविषयीचा निर्णय हे एक होते.

विजेच्या दिव्यांमुळे व स्वदेशीच्या चळवळीने वाढलेल्या मागणीमुळे १९०५ च्या सुमारास कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत लांबला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. दरम्यान, लोकमान्य टिळकांना झालेल्या शिक्षेच्या निषेधार्थ जुलै १९०८ मध्ये गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. शिक्षा सहा वर्षांची होती. वर्षास एक दिवस, असा हिशेब त्यांनी केला होता. वेतनाचा प्रश्न त्यात नव्हता. फाटकाबाहेरचे राजकारण कामगार स्वतःहून आत आणीत होते, हे यावरून दिसते.

पहिल्या महायुद्धात आयात कापड घटल्यामुळे गिरण्यांना प्रचंड नफा झाला. धान्य व कापड महागले, १९१८ मध्ये इन्फ्ल्यूएंझाची साथ आली आणि जानेवारी १९१९ मध्ये एक लाखाहून अधिक कामगारांचा पहिला सार्वत्रिक संप झाला. त्यामागे कोणतीही मध्यवर्ती संघटना नव्हती. १९२० मध्ये पुन्हा संप होऊन दहा तासांचा दिवस मान्य झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ मध्ये स्थापन झाली होती. वॉशिंग्टन परिषदेत भारतासाठी ठरलेली साठ तासांच्या आठवड्याची मर्यादा १९२२ च्या कायद्यात आली. जिनिव्हाला कामगारांचा प्रतिनिधी पाठविण्यासाठी देशव्यापी संघटना असणे आवश्यक होते. १९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना होण्यास हे एक तातडीचे निमित्त ठरले.

अबकारी कर व १९२५ चा संप : नफ्याची वर्षे १९२२ च्या सुमारास संपली. युद्धकाळापासून मिळत आलेला बोनस १९२३ साठी नाकारला गेल्यावर झालेला संप (१९२४) अयशस्वी ठरला. मुख्य न्यायाधीश मॅक्लाउड यांच्या समितीने बोनसवर कामगारांचा हक्क नाही, असा अभिप्राय दिला. पुढील वर्षी मालकांनी वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबर १९२५ मध्ये सु. दीड लाख कामगार संपावर गेले.

या संपात मालकांनी घेतलेली भूमिका लक्षणीय आहे. देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर होता. परदेशी कापडावरील जकातीमुळे लँकाशरचे नुकसान होऊ नये, म्हणून तो १८९६ पासून या दराने घेतला जात होता आणि राष्ट्रीय वृत्तीच्या सर्व पक्षांना तो अपमानास्पद वाटे. हा कर उठवा, म्हणजे कपात मागे घेऊ, असे मालकांनी सरकारला कळविले. म्हणजे कामगारांशी असलेले भांडण मालकांनी व्हाइसरॉयच्या दारात नेऊन ठेवले. संप अडीच महिने चालला. १ डिसेंबर १९२५ पासून कर स्थगित झाला, मालकांनी कपात मागे घेतली व गिरण्या सुरू झाल्या. १९२६ मध्ये तो रद्दच करण्यात आला. कामगारांच्या उपासमारीचा मालकांनी आपल्या कार्यासाठी उपयोग करून घेतला, असे म्हणण्यास जागा आहे. परंतु कामगार झुकले असते, तर कर स्थगित होण्यापूर्वीच कपात पक्की झाली असती, हेही तितकेच खरे आहे. बाहेरचा भार कमी होताच आतला तंटा मिटतो, याचे एवढे निर्भेळ उदाहरण या धंद्यात पुन्हा आढळत नाही.

कर गेला तरी जपानची स्पर्धा राहिली. १९२७ च्या चलन कायद्याने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स ठरविला. त्यामुळे आयात माल स्वस्त होतो, अशी गिरणीमालकांची तक्रार होती. नॉइस यांच्या अध्यक्षतेखालील जकात मंडळाने जपानी गिरण्या दोन पाळ्यांत चालतात व रात्रपाळीत स्त्रियांना राबवितात, हे नोंदविले. पण मुंबईच्या गिरण्यांना त्याने मुख्य उपदेश केला तो कार्यक्षमता वाढविण्याचा. हा उपदेश गिरणीत पोहोचला, तो दोनऐवजी तीन साचे सांभाळण्याच्या व कमी माणसांत खाते चालविण्याच्या हुकुमांच्या रूपाने. ओसाकातील स्त्रीकामगारांची रात्रपाळी आणि परळच्या साचेवाल्याच्या वाट्याला आलेला तिसरा साचा यांत असा थेट दुवा होता.

या सुसूत्रीकरणाविरुद्ध एप्रिल १९२८ मध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सु. सहा महिने चालला. ना. म. जोशी व श्रीपाद अमृत डांगे हे दोन भिन्न विचारांचे नेते त्याच्या संयुक्त समितीत होते आणि संपातूनच गिरणी कामगार युनियन (लाल बावटा) उदयास आली. सहा महिने पगाराशिवाय दीड लाख माणसे कशी तगली, या प्रश्नाचे उत्तर गावाकडे मिळते. कामगारांचा फार मोठा भाग रत्नागिरी, सातारा, पुणे इ. जिल्ह्यांतून आलेला होता. त्यांच्या तुटपुंज्या शेतीवर कुटुंब भागत नसे, म्हणून माणूस मुंबईस येई. पण संपाच्या काळात तीच शेती त्याला आधार देई. संप उन्हाळ्यात सुरू झाल्यामुळे हजारो कामगार आगबोटीने कोकणात गेले व भातलावणीस हजर राहिले. जे मागे राहिले, त्यांना वाण्याच्या उधारीने व चाळीतील शेजाऱ्यांनी तारले. गावाशी नाते असलेला कामगार अस्थिर असतो, असे मालक व सरकारी अहवाल वारंवार सांगत. त्याच्या चिकाटीचे कारणही हेच नाते होते, याकडे मात्र अहवालांचे लक्ष फारसे गेले नाही.

मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी लाल बावट्याचे प्रमुख नेते पकडले गेले. त्या वर्षीचा दुसरा संप फसला आणि त्याच वर्षी औद्योगिक कलहाचा कायदा झाला. पुढे जागतिक मंदीत एकेका गिरणीने स्वतंत्रपणे वेतने उतरविली. त्यांविरुद्धचा १९३४ चा सार्वत्रिक संपही हरला. मात्र त्या वर्षीच्या समेट कायद्याने मुंबईत सरकारी कामगार अधिकारी नेमला गेला. प्रांतिक सरकारे आल्यावर १९३८ मध्ये संपापूर्वी समेटाची सक्ती करणारा कायदा झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा स्वतंत्र मजूर पक्ष व साम्यवादी यांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप घडवून त्याचा निषेध केला. संप करण्याचा हक्क हा स्वातंत्र्याचाच भाग आहे, असे आंबेडकरांचे प्रतिपादन होते.

महागाई व निर्देशांक : दुसऱ्या महायुद्धाने या संबंधांत एक कायमचे अंग जोडले. महागाई भत्त्यासाठी मार्च १९४० मध्ये संप झाला आणि युद्धकाळात हा भत्ता राहणीखर्चाच्या निर्देशांकाशी जोडला गेला. जुलै १९३३ ते जून १९३४ या वर्षाचा पाया धरलेला हा निर्देशांक मंदीतील स्वस्ताईचा होता. त्यामुळे युद्धोत्तर काळात मूळ पगारापेक्षा भत्ताच मोठा झाला. औद्योगिक न्यायालयाने १९४७ च्या निवाड्यात किमान मूळ वेतन ३० रुपये ठरविले. पण कामगाराच्या हाती पडणारी रक्कम तांदूळ, घासतेल व कापड यांच्या भावांची नोंद करणारा सरकारी कारकून ठरवीत होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. साहजिकच या नोंदींकडे कामगारांची नजर लागली. निर्देशांक खरी महागाई दाखवीत नाही, ही तक्रार १९६३ मध्ये इतकी तीव्र झाली, की डॉ. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ञ समिती नेमावी लागली. समितीने तक्रार बऱ्याच अंशी खरी ठरविली व निर्देशांक वर सरकला. संख्याशास्त्रातील प्रश्नावर हजारो कामगार रस्त्यावर येण्याचा प्रसंग विरळाच होय.

मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ याने एका स्थानिक क्षेत्रातील एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघ मान्य केला. काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघास हे स्थान मिळाले. सर्व वाटाघाटी त्याच्याशीच करण्याचे बंधन मालकांवर आले. समाजवादी नेतृत्वाखालील मिल मजदूर सभेने १९५० मध्ये बोनससाठी केलेला सु. दोन लाख कामगारांचा ६३ दिवसांचा संप या चौकटीवर आदळून फुटला. विशेष असे, की त्याच वर्षी श्रमिक अपील न्यायाधिकरणाने याच गिरण्यांच्या वादात घसारा, यंत्रांचे पुनर्वसन व भांडवलावरील परतावा वजा जाता उरणाऱ्या नफ्यात कामगारांचा वाटा मान्य करणारे सूत्र दिले आणि ते पुढे देशभर वापरले गेले. संपाने मिळाले नाही ते न्यायासनाने तत्त्वतः दिले. लवादाच्या या यंत्रणेने बराच काळ मोठा संप टाळला, हे तिचे यश होय. पण ती चालली, तोवर देशी बाजारपेठ संरक्षित होती आणि गिरण्यांच्या कापडास गिऱ्हाईक होते.

ते गिऱ्हाईक दुसरीकडे वळू लागले होते. हातमागाच्या संरक्षणासाठी १९५६ पासून गिरण्यांतील मागांच्या वाढीवर निर्बंध घालण्यात आले. हातमागापेक्षा त्याचा लाभ यंत्रमागांनी उठविला. भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथे लहान शेडांत माग बसले. त्यांवरील कर कमी होता व बहुसंख्य शेडांना कारखाना कायदा, महागाई भत्ता वा निवाडे यांची झळ लागत नव्हती. गिरण्यांतील कामगारांनी नव्वद वर्षांत मिळविलेल्या प्रत्येक हक्काचा खर्च भिवंडीत वाचत होता. अनेक मालकांनी गिरणीत नवी यंत्रे घालण्याऐवजी नफा अन्य धंद्यांत गुंतविला. आजारी गिरण्या १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे जाऊ लागल्या व १९७४ च्या कायद्याने अशा अनेक गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. कृत्रिम धाग्यांची चलती झाल्याने सुती कापडाची मागणीही बदलली.

१९८२ चा संप : दिवाळीच्या बोनसवरून १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये काही गिरण्यांत असंतोष पसरला आणि कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांस नेतृत्वासाठी पाचारण केले. मुंबई—ठाण्याच्या अभियांत्रिकी व रासायनिक कारखान्यांत सामंतांनी मोठ्या वेतनवाढी मिळवून दिल्या होत्या. त्याच शहरात राहणाऱ्या गिरणी कामगाराला आपला पगार शेजाऱ्याच्या पगारापुढे थिटा दिसत होता. हजारो बदली कामगार वर्षानुवर्षे बदलीच राहिले होते. १८ जानेवारी १९८२ पासून सु. ६० गिरण्यांतील सु. अडीच लाख कामगार संपावर गेले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे व १९४६ चा अधिनियम रद्द करणे या मुख्य मागण्या होत्या.

शेवटची मागणी निर्णायक ठरली. ती मान्य करणे म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाचे स्थान काढून घेणे आणि अन्य उद्योगांत सामंतांना वाट करून देणे होय, असे केंद्र व राज्य या दोन्ही शासनांनी मानले. १९२५ प्रमाणे येथेही तोडगा सरकारच्या हाती होता. परंतु या वेळी मालक सरकारकडे तो मागत नव्हते. विकला न गेलेला माल गोदामांत होता, तातडीचे कापड यंत्रमागांवर विणून घेता येत होते आणि ज्या गिरण्या तोट्यात होत्या त्यांना बंद राहणे हेच कमी खर्चाचे होते. काम थांबविणे हे कामगारांचे एकमेव शस्त्र. पण त्या कामाची गरजच कमी झाली होती. कामगार पुन्हा गावाकडे गेले, पुन्हा उधारीवर जगले, दागिने व भांडी विकून दिवस काढले. त्यांची जिद्द १९२८ पेक्षा तिळमात्र उणी नव्हती. नेतृत्वाने मध्येच थांबावयास हवे होते, ही टीका पुष्कळांनी केली व तीत तथ्य आहे. मात्र थांबण्याजोगी तडजोड मान्यताप्राप्त मार्गाने पुढे आली होती, असे म्हणता येत नाही.

संप अधिकृतपणे कधीच मागे घेण्यात आला नाही. तो १९८३ मध्ये विरत गेला. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र शासनाने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि १९९५ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. एक लाखाहून अधिक कामगारांचा रोजगार गेला, असे सामान्यतः मानले जाते. त्यांपैकी अनेकांना भिवंडीच्या शेडांत, ज्या मागांनी त्यांचा संप निष्प्रभ केला त्याच मागांवर, बारा तासांच्या पाळीत काम शोधावे लागले.

यानंतर गिरण्यांखालची जमीन हाच मुख्य घटक झाला. लालबाग, परळ, वरळी येथील एकेकाळच्या उपनगरी जागा शहराच्या मध्यावर आल्या होत्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे एकतृतीयांश वाटे करून सार्वजनिक मोकळी जागा, घरबांधणी व मालक यांत विभागणीची अट घालून विक्रीस वाट दिली. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती ठेवल्यामुळे सार्वजनिक वाटा फार घटला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. चालू गिरणीपेक्षा बंद गिरणी अधिक मोलाची ठरल्यावर कामगार संघटनांच्या मागण्याही बदलल्या : वेतनवाढीऐवजी थकबाकी व त्याच जमिनीवर घर. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी घरांची पहिली सोडत काढली. तेव्हा ज्यांच्या नावे अर्ज होते, त्यांपैकी कित्येकांच्या वतीने त्यांच्या विधवा व मुले उपस्थित होती.